दीड लाख किलोमीटर पळालेल्या गाडीला टर्बो? आधी इंजिनाचा दम तपासा!

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल आणि पेण मागे टाकलं की वडखळ येतं. इथून एक रस्ता अलिबागकडे फुटतो आणि दुसरा नागोठणे, कोलाड, माणगाव करत कोकणात उतरतो. गणपतीत, मे महिन्यात किंवा जोडून आलेल्या सुट्ट्यांमध्ये या भागात गाड्यांची रांग लागते, हे मुंबई-पुण्याकडच्या चाकरमान्यांना वेगळं सांगायला नको.

त्या रांगेत दोन प्रकारच्या गाड्या असतात. एक म्हणजे नव्या, छोट्या इंजिनाच्या पण टर्बो असलेल्या. दुसऱ्या म्हणजे दहा-बारा वर्षांच्या, दीड-दोन लाख किलोमीटर पळालेल्या, घरातल्या माणसासारख्या झालेल्या. रांग सुटली की नवी गाडी झपकन पुढे निघते. जुनी गाडी मात्र पाच माणसं, डिकीभर सामान आणि चालू एसी घेऊन धापा टाकत वेग पकडते.

अशा वेळी चालवणाऱ्याच्या मनात हमखास विचार येतो, "आपल्याही गाडीला टर्बो बसवला तर?"

त्यात सोशल मीडियावरचे रील्स तेल ओततात. एक किट, चार पाइप, थोडं वेल्डिंग आणि मग ती प्रसिद्ध शिट्टी! जुन्या गाडीची ताकद म्हणे एका दिवसात दीडपट. पण त्या तीस सेकंदांत एक गोष्ट कधीच दाखवत नाहीत. ती म्हणजे टर्बो बसवण्याआधी त्या इंजिनाचं काय केलं होतं. खरा खर्च, खरी मेहनत आणि खरा धोका तिथेच असतो.

टर्बो नेमकं करतो काय?

इंजिनाला ताकद इंधनातून मिळते. पण इंधन जळायला हवा लागते. पेट्रोलच्या बाबतीत साधारण १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे नुसतं पेट्रोल जास्त सोडून उपयोग नाही, हवाही तेवढीच वाढायला हवी.

साधं इंजिन ही हवा स्वतः ओढून घेतं. पिस्टन खाली गेला की सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने हवा आत शिरते. टर्बो हीच हवा दाबून आत ढकलतो. त्यासाठी लागणारी ताकद तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरातून घेतो. धुराच्या झोतावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेलं चक्र हवा दाबतं.

ही कल्पना स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांनी १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. सुरुवातीला तिचा वापर झाला तो जहाजांच्या मोठ्या इंजिनांत आणि विमानांत. विमान उंच गेलं की हवा विरळ होते, इंजिनाचा दम कमी होतो. ती कसर टर्बो भरून काढायचा. आजही हा फरक महाराष्ट्रात अनुभवता येतो. सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. वडखळ खाडीकाठच्या सखल भागात आहे. तिथे साध्या इंजिनालाही हवेचा पूर्ण दाब मिळतो. त्यामुळे तिथे जुनी गाडी दमत असेल, तर दोष हवेला देता येत नाही.

गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त, कित्येकदा दोन लाखांच्या घरात फेरे घेतो. एका बाजूला पेट्रोल इंजिनाचा ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. मधला दांडा बहुतेक टर्बोंमध्ये इंजिन ऑइलच्या एका पातळ थरावर तरंगत असतो. हे ऑइल येतं इंजिनातूनच. म्हणजे इंजिनाचं ऑइल खराब, तर टर्बोचं आयुष्यही खराब.

"अर्धा बार"चा साधा हिशोब

रील्समध्ये "फक्त अर्धा बार बूस्ट" असं सहज म्हटलं जातं. तो आकडा समजून घेऊ.

समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार असतो. टर्बोने अर्धा बार वाढवला की तो दीड बार झाला. म्हणजे हवा दीडपट, ताकद दीडपट? नाही. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तशीच इथेही दाबलेली हवा तापते. बाहेर ३५ अंश असतील, तर सर्वसाधारण टर्बोमधून निघणारी हवा ९० अंशांच्या आसपास जाते. गरम हवा पसरते, त्यामुळे सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात साधारण २८ टक्केच जास्त हवा पोहोचते.

ही हवा थंड करण्यासाठी इंटरकूलर लावतात. तो रेडिएटरसारखाच दिसतो, फक्त त्यातून पाण्याऐवजी हवा जाते. त्याने हवा ५० अंशांपर्यंत आणली, तर वाढ ४० टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणजे इंटरकूलर नसलेलं स्वस्त किट ताकद कमी देतं आणि उष्णता जास्त.

आता मुद्दा असा, की हवा ४० टक्क्यांनी वाढली तर इंधनही निदान तेवढंच वाढवावं लागतं. सिलिंडरमधला दाब वाढतो, उष्णता वाढते. ती झेलायची कोणी? पिस्टनने, रिंगांनी, हेड गॅस्केटने, बेअरिंगने आणि रेडिएटरने. नेमके हेच भाग दीड लाख किलोमीटरमध्ये सर्वात जास्त झिजलेले असतात.

जुन्या इंजिनात काय काय झिजतं?

पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला चिकटून सरकतात आणि वरचा दाब खाली जाऊ देत नाहीत. वर्षानुवर्षं घासून रिंगा पातळ होतात, सिलिंडरही वरच्या भागात थोडा रुंद होतो. मग जळलेल्या वायूचा काही भाग रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या भागात शिरतो. गॅरेजमध्ये याला "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणतात. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं की भकाभका धूर येतो, तो हाच.

साध्या गाडीत हा दोष बराच काळ खपून जातो. थोडं ऑइल वरचेवर भरावं लागतं, चढावर थोडा निळा धूर दिसतो, बस्स. टर्बो बसवला की हाच दोष मोठा होतो आणि गंमत म्हणजे तो टर्बोच्या नावावर खपतो.

ते कसं? टर्बोतून ऑइल परत इंजिनात येतं ते एका जाड पाइपातून, स्वतःच्या वजनाने, घरंगळत. इंजिनाच्या खालच्या भागात आधीच बॅक कॉम्प्रेशनचा दाब भरलेला असेल, तर ऑइल परत उतरत नाही. ते टर्बोतच तुंबतं आणि सीलमधून बाहेर पडून हवेच्या किंवा धुराच्या वाटेला लागतं. मागून निळा धूर निघतो. मालक म्हणतो, "टर्बो डुप्लिकेट निघाला." तो दुसरा टर्बो आणतो, पुन्हा तेच होतं. टर्बो ठीक असतो, रिंगा गेलेल्या असतात.

डिझेल गाडीत तर हा प्रकार भयानक होऊ शकतो. हवेच्या वाटेने ऑइल सिलिंडरमध्ये गेलं, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच चालू लागतं. चावी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही, उलट वेग वाढतच जातो. याला "रनअवे" म्हणतात. हवेचा रस्ता बंद झाला किंवा ऑइल संपलं तरच ते थांबतं, कित्येकदा तोवर इंजिनाचे तुकडे झालेले असतात.

पेट्रोल गाडीतला शत्रू वेगळा, त्याचं नाव नॉकिंग. स्पार्क प्लगने लावलेली आग पसरण्याआधीच, जास्त दाब आणि उष्णतेमुळे उरलेलं मिश्रण स्वतःहून पेटतं. पिस्टनवर जणू हातोडा बसतो. जुन्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर साचलेला असतो. तो तापून लाल झाला की मिश्रणाला भलत्या वेळी आग लावतो. रिंगांतून वर येणारं ऑइलही पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता घटवतं. म्हणजे इंजिन जितकं झिजलेलं, तितकं ते टर्बोसाठी जास्त धोक्याचं.

मोठ्या कंपनीलाही हे सोपं गेलं नव्हतं!

१९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल विभागाने "जेटफायर" नावाची टर्बो गाडी विकायला काढली. प्रवासी गाडीत टर्बो देण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. इंजिन साडेतीन लिटरचं, व्ही-८. पण त्याचा कॉम्प्रेशन रेशो होता १०.२५ ला १. टर्बोसाठी हा त्या काळात फारच जास्त होता.

नॉकिंग टाळण्यासाठी कंपनीने एक युक्ती केली. पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण एका वेगळ्या टाकीत भरायचं, बूस्ट आला की ते इंजिनात फवारलं जाणार आणि आतली उष्णता कमी होणार. या मिश्रणाला नावही झकास दिलं होतं, "टर्बो रॉकेट फ्लुइड". ती टाकी संपली की यंत्रणा बूस्ट कमी करायची.

झालं काय, तर कित्येक मालक ही टाकी भरायलाच विसरायचे. गाडी मंद झाली की तक्रारी करायचे. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या विकून जेटफायर बंद झाली. पुढे कंपनीने मालकांना टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली.

ही कोऱ्या इंजिनाची, कंपनीने स्वतः बसवलेल्या टर्बोची गोष्ट आहे. दीड लाख किलोमीटर झालेल्या इंजिनाबद्दल तर बोलायलाच नको.

पुण्याची इंडिका काय शिकवते?

उलट उदाहरण आपल्या घरातलं आहे. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली. तिचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन साधं होतं, विनाटर्बो. पुण्यात जन्मलेली ही गाडी पुढे महाराष्ट्रभर टॅक्सी म्हणून धावली. काही वर्षांनी त्याच १४०५ सीसीच्या इंजिनाला कंपनीने टर्बो दिला आणि नंतर इंडिगोमध्ये इंटरकूलरही.

म्हणजे साध्या इंजिनाला टर्बो जमतो, हे खरं. पण कंपनी जेव्हा हे करते, तेव्हा ती जुन्या इंजिनावर नुसता टर्बो लटकवत नाही. अशा बदलात सहसा पिस्टन बदलतात, गॅस्केट मजबूत होतं, इंधन सोडण्याचं प्रमाण आणि वेळ नव्याने ठरते, ऑइल आणि पाणी थंड ठेवण्याची सोय वाढवली जाते, क्लच मोठा होतो. मग इंजिन शेकडो तास टेस्ट बेंचवर पळवलं जातं. त्यानंतर मान्यतेच्या चाचण्या. त्या करणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक पुण्यातच आहे, वेताळ टेकडीवरची एआरएआय. ती १९६६ मध्ये स्थापन झाली.

गॅरेजमध्ये टर्बो बसवणाऱ्याला ही सगळी कामं एकट्याने, टेस्ट बेंचशिवाय करावी लागतात. म्हणून सुरुवात पाना हातात घेऊन करायची नसते, सुरुवात तपासणीने करायची.

तपासणी : इंजिन खरंच किती शिल्लक आहे?

पहिली, कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम करायचं, इंधन बंद करायचं, सगळे स्पार्क प्लग काढायचे, प्लगच्या जागी गेज लावून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. धडधाकट पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडर साधारण १५० ते २०० पीएसआय दाखवतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. एकूण आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो सिलिंडरांमधला फरक. १७५, १७०, १७२ आणि १२० असे आकडे आले, तर चौथा सिलिंडर आजारी आहे. फरक १० ते १५ टक्क्यांच्या वर गेला, की टर्बोचा विषय तिथेच थांबवायचा.

मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, कारण ऑइलने फट तात्पुरती बुजवली. आकडा तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये.

दुसरी, लीक-डाउन टेस्ट. यात सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून किती टक्के गळते ते बघतात. १० टक्क्यांच्या आत उत्तम, २० च्या वर गेलं की काम निघालं. यात कान लावूनच निदान होतं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा.

तिसरी, ऑइल प्रेशर. डॅशबोर्डवरचा लाल दिवा इथे उपयोगाचा नाही. दाब फारच खाली गेल्यावर तो लागतो. गेज लावून, इंजिन गरम असताना मोजायचं. जुना ठोकताळा असा, की दर १००० आरपीएमला निदान १० पीएसआय. त्याहून कमी म्हणजे बेअरिंग झिजलेत किंवा ऑइल पंप थकलाय. अशा इंजिनाला टर्बो जोडला की त्याच अपुऱ्या ऑइलमध्ये आणखी एक वाटेकरी येतो.

चौथी, थंड राहण्याची ताकद. वडखळच्या रांगेत, दमट उकाड्यात, एसी लावून गाडी अर्धा तास उभी राहिली आणि काटा वर सरकला, तर ते इंजिन आजची उष्णताच झेलत नाहीये. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं साधं पाणी भरलेल्या गाड्यांत रेडिएटर आणि पाण्याचे मार्ग गंज-क्षाराने अर्धे बुजलेले असतात. टर्बोआधी तिथे हात घालावा लागतो.

या चारही तपासण्या चांगल्या गॅरेजमध्ये एका दिवसात होतात आणि इंजिन उघडावंही लागत नाही. "आवाज मस्त आहे, काही प्रॉब्लेम नाही" हे वाक्य यांपैकी एकाही चाचणीची जागा घेत नाही.

तपासणीत पास झालं तर पुढे काय?

दीड लाखाच्या पुढचं इंजिन पूर्ण पास होणं दुर्मीळच. बहुतेक वेळा इंजिन उघडावं लागतं. उघडल्यावर सिलिंडरची झीज बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजतात. झीज कंपनीने दिलेल्या मर्यादेबाहेर असेल, तर लेथवाल्याकडे रीबोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठ्या मापाचे पिस्टन घालतात. झिजलेल्या सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

इथे एक बारीक पण जीवघेणी गोष्ट आहे. रिंगच्या दोन टोकांमध्ये छोटी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर रिंग पसरते. ७५ मिमी बोअरच्या साध्या इंजिनात ही फट साधारण ०.३० मिमी असते. टर्बो इंजिनात उष्णता जास्त, म्हणून ती ०.३८ ते ०.४५ मिमीच्या आसपास लागते. नेमकं माप पिस्टन बनवणाराच देतो. साध्या इंजिनाच्या मापाने फट ठेवली तर पूर्ण बूस्टवर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग अडकते आणि पिस्टनची कडाच तुटते. नव्या रिंगा घालूनही "टर्बोने इंजिन खाल्लं" अशा तक्रारीमागे कित्येकदा हे असतं.

पुढची यादी थोडक्यात अशी :

– हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह बसवणं, नव्या व्हॉल्व्ह सील. गॅस्केट शक्यतो अनेक थरांचं स्टीलचं आणि हेड बोल्ट नवे.

– मेन आणि बिगएंड बेअरिंग, ऑइल पंप, टायमिंग बेल्ट किंवा चेन, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि सगळे जुने होस पाइप.

– टर्बोला ऑइल नेणारी स्वच्छ नळी आणि परत आणणारा जाड, सतत उताराचा पाइप. त्याला कुठेही खड्डा किंवा उलटा चढ नको.

– इंधन पंप आणि इंजेक्टर. हवा ४० टक्के वाढली आणि इंजेक्टर पुरे पडले नाहीत, तर मिश्रण पातळ होतं, आग जास्त तापते आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून बूस्टवर पेट्रोलचं प्रमाण मुद्दाम जास्त ठेवतात, साधारण १२ भाग हवेला १ भाग पेट्रोल.

– ईसीयूचं नवं ट्युनिंग. स्पार्कची वेळ मागे घ्यावी लागते. जुना नकाशा तसाच ठेवून बूस्ट देणं म्हणजे नॉकिंगला आमंत्रण.

– क्लच, ब्रेक आणि टायर. जास्त वेगाने पळणारी गाडी थांबायलाही हवी.

ही यादी वाचून लक्षात येईल की खर्चात टर्बो हा सर्वात मोठा आकडा नसतो. इंजिन पूर्ण बांधण्याचा आणि ट्युनिंगचा खर्च त्याला सहज मागे टाकतो.

आणि कायदा काय म्हणतो?

हा भाग रील्समध्ये कधीच नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरच्या नोंदी आणि कंपनीने ठरवलेलं मूळ स्वरूप यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ आणखी कडक आहे. परवानगी नसलेल्या बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

"मग सीएनजी किट कसं चालतं?" असा प्रश्न पडेल. इंधन बदलण्यासाठी कायद्यात वेगळी वाट आहे. किट मान्यताप्राप्त असतं, ते अधिकृत ठिकाणी बसवलं जातं आणि आरसीवर तशी नोंद होते. बाजारातून आणलेल्या टर्बोसाठी अशी ठरलेली वाट नाही.

रायगडच्या बऱ्याच गाड्यांच्या पाटीवर एमएच-०६ असतं, हा पेणच्या आरटीओचा क्रमांक. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवताना गाडीची तपासणी होते. जास्त पळालेली गाडी बहुधा याच वयाच्या आसपास असते. म्हणजे टर्बो बसवलेली गाडी नेमकी त्या वेळी तपासणाऱ्यासमोर उभी राहणार.

विम्याचंही तसंच. न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. हजारो रुपये घालून मिळवलेली ताकद अशा वेळी लाखांचं नुकसान करून जाते. म्हणून असे प्रयोग खासगी ट्रॅकवरच्या गाड्यांसाठी ठीक आहेत, कुटुंबाला घेऊन गावी जाणाऱ्या गाडीसाठी नाहीत.

मग जुन्या गाडीने धापा टाकतच राहायचं का?

अजिबात नाही. वरच्या चार तपासण्या टर्बो न बसवणाऱ्यालाही तितक्याच उपयोगाच्या आहेत. कारण जुनी गाडी दमते त्यामागे सहसा टर्बोचा अभाव नसतो. तुंबलेला एअर फिल्टर, थकलेले प्लग, घाण झालेले इंजेक्टर, बुजलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, घसरणारा क्लच, अडकलेले ब्रेक, टायरमधली कमी हवा किंवा एका सिलिंडरचं गेलेलं कॉम्प्रेशन ही कारणं आधी सापडतात. ही दुरुस्ती कायदेशीर आहे, विम्याला चालते आणि कंपनीने मूळ गाडीला दिलेली ताकद परत मिळवून देते. ती ताकद कित्येक मालक विसरूनही गेलेले असतात.

ज्यांच्या गाडीत कंपनीचाच टर्बो आहे आणि किलोमीटर लाखाच्या पुढे गेलेत, त्यांनी मात्र काही सवयी लावून घ्याव्यात. जुन्या डिझेल स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटोमधलं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन याच गटातलं. ऑइल सांगितलेल्या ग्रेडचं आणि वेळेवर बदलायचं. सकाळी गाडी सुरू केल्या केल्या रेस करायची नाही, ऑइल टर्बोपर्यंत पोहोचू द्यायचं. एअर फिल्टरशिवाय गाडी चालवायची नाही, लाख फेरे घेणाऱ्या चक्राला खडीचा एक कणही पुरतो.

आणि कर्नाळ्याची खिंड किंवा एखादा घाट भरल्या गाडीने दामटून आल्यावर चहासाठी थांबलात, तर लगेच चावी फिरवायची नाही. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायचं. तापलेल्या टर्बोतलं ऑइल अचानक थांबलं की ते तिथेच जळून कार्बन होतं आणि नळी हळूहळू बुजत जाते. रांगेतून सावकाश येऊन थांबलेल्या गाडीला याची गरज नाही, तिचा टर्बो आधीच निवलेला असतो.

एवढं वाचूनही टर्बोचं वेड डोक्यातून जात नसेल, तर किटची ऑर्डर देण्याआधी एक काम करा. गॅरेजमध्ये जाऊन कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या आणि सगळ्या सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा. त्या आकड्यांवरून गाडीला टर्बो हवाय की नव्या रिंगा, ते कळेल.